बापाला विचारा म्हणालात, म्हणून हे उत्तर

‘कास्तकार’ या नावानं लिहिणारे भाऊ,

कापूस विकायला खरेदी केंद्रासमोर लागायची त्या रांगेचा खेळ आम्ही उभा केला. नाटक नव्हे, ज्यानं त्यानं एक भूमिका घेऊन ती जगायची, असा खेळ; त्याला ‘लार्प’ म्हणतात. तो कसा उभा केला, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल बहिणीचा फोन आला, ‘ताई, हे तुझ्याबद्दल काय लिहिलंय?’ म्हणून बसले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे शब्द जसेच्या तसे देते: ‘युरोपातल्या भरल्या पोटाच्या लोकांचं फॅड उचलून तुम्ही लोकांनी इथं गरिबीची भातुकली मांडली. ज्याच्या बापानं खरंच रांगेत रात्री काढल्या त्याला विचारून पाहा. हमाल म्हणून गावातले तीन मजूर उभे केले, ते खेळाडू होते की रोजानं आणले होते, तेही सांगा. आणि ट्रेझर ट्रॅप १९८४ ला नाही, १९८२ ला सुरू झालं.’

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. इंग्लंडात पेकफर्टन किल्ल्यावर ट्रेझर ट्रॅप हा असाच भूमिका जगण्याचा खेळ सुरू झाला तो १९८२ मध्येच. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे, आभार.

आता ‘तुम्ही लोकांनी’. कोण लोक, भाऊ? माझं माहेर पांढरकवड्याच्या अलीकडे, आणि आजही आमच्या घरी कापूसच पेरतात. कास्तकार असं नाव लावलं म्हणजे बाकीचे सगळे पुण्या-मुंबईहून उतरलेले ठरत नाहीत. माझ्याशी न पटणारे वाचक पुष्कळ आहेत, ते इथेच लिहितात आणि मी त्यांच्याशी बोलते. तुमच्या चार ओळींत न पटणं थोडं आणि हिणवणंच जास्त आहे. समोर बसून बोलला असता तर हे शब्द तोंडातून निघाले असते का, एवढं स्वतःला विचारा.

बापाला विचारून पाहा म्हणालात. ऐका मग.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे नांदेड ४४ या वाणाचा कापूस असायचा. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की वेचणी सुरू, मग पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि आम्ही बहिणी त्याच्यावरच झोपायचो. बंडी भरून बाबा खरेदी केंद्रावर निघाले की कधी परततील याचा भरवसा नसे. रांग पार रस्त्यावर आलेली असायची. एक रात्र, दोन, कधी तीन. बंडीखाली गोणपाट टाकून पडायचं, बैलांपुढं कुटार टाकायचं, नंबर सरकला की उठून जुंपायचं, दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा सोडायचं. मी मुलगी, मला कोणी नेत नसे. एकदाच, १९९६ च्या जानेवारीत, काकासोबत डबा घेऊन गेले. १० वर्षांची होते. माझ्यादेखत ग्रेडरनं, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्यानं, वरचा मूठभर कापूस उचलला, चुरगाळला, ओलावा आहे म्हणाला आणि ग्रेड खाली लावला. बाबांनी पावती घडी करून टोपीत ठेवली. घरापर्यंत १६ किलोमीटर आले, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, डबा उशिरा आणला म्हणून माझ्यावर रागावलेत. पुढं कितीतरी वर्षं मला तेच वाटत होतं.

गेल्या फेब्रुवारीत मामेभावाच्या खळ्यात आम्ही ७ बंड्या लावल्या. १९ खेळाडू, संध्याकाळी ६ ते सकाळी ८. संहिता नव्हती, प्रेक्षक नव्हते. प्रत्येकाच्या चिठ्ठीत एवढंच: तू कोण, घरी देणं किती, कुणाच्या लग्नाची तारीख धरली आहे. बाकी ज्यानं त्यानं जगायचं. बाबा नुसते पाहायला आले होते. आल्या आल्या चूक काढली, ‘रांगेत बैल जुपून ठेवत नसते बाई, सोडून देत असते.’ रात्री दहाच्या सुमारास पाहतो तर स्वतःच एका बंडीखाली गोणपाट टाकून बसलेले. कोणी त्यांना बस म्हटलं नव्हतं.

सकाळी काटा उघडला. ग्रेडर झालेला पोरगा नागपूरचा, कॉलेजातला. त्यानं वरचा कापूस चुरगाळला आणि म्हणाला, ओलावा आहे. बाबा उठले. ‘हात घाल आतमधी. कोपरापर्यंत घाल. वरवर पाहून नको बोलू.’ अशा खेळात दोन शब्द आधीच ठरलेले असतात: ‘कट’ म्हटलं की सगळं तिथंच थांबतं, ‘ब्रेक’ म्हटलं की समोरच्यानं जोर कमी करायचा. ते म्हणायची मुभा सगळ्यांना होती. कोणी म्हटलं नाही. त्या पोरानं खरंच कोपरापर्यंत हात घातला. बाबा म्हणाले, ‘आता सांग.’

नंतर चहा घेताना ते माझ्याजवळ येऊन बसले. ‘त्या दिशी तू डबा घिऊन आलती. तुह्यासमोर त्यानं तसं केलं, ते लागलं मले.’ जवळपास ३० वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. खेळातलं मन खेळ संपल्यावरही उतरत नाही आणि आपलं जुनं काही खेळात झिरपतं, याला हे खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात. तो शब्द मी वाचला होता. त्या सकाळी खळ्यात तो पाहिला. विचारा म्हणालात ना, हे घ्या उत्तर.

भातुकलीचं म्हणाल, तर तो शब्द तुम्ही शिवीसारखा वापरला याचंच वाईट वाटतं. ज्या मुलुखात पोरी भुलाबाईला महिनाभर माहेरवाशीण मानून रोज तिच्यासाठी खिरापत करतात, तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागतात, दंडारीत मिशीवाला माणूस रात्रभर बाई होऊन नाचतो, तिथं मोठ्या माणसानं सोंग घेणं कमीपणाचं कधीपासून झालं? लहानपणी दारात बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेशात वॉरंट वाचायचा, आणि माझी आजी पदर सावरून म्हणायची, ‘साहेब, धनी वावरात गेले, उद्या या.’ आजी तेव्हा प्रेक्षक नव्हती, खेळातच होती. झाडीपट्टीच्या नाटकात मंच वेगळा आणि बसणारे वेगळे. बहुरूप्याच्या आणि आजीच्या मधे मंचच नव्हता. आमच्या खेळाचं मूळ मला तिथं दिसतं.

युरोपाबद्दल फार लिहीत नाही. डेन्मार्कात होब्रो गावी २००६ पासून एक निवासी शाळा याच पद्धतीनं धडे शिकवते. २०१३ मध्ये पॅलेस्टिनी आणि फिनिश लोकांनी मिळून, फिनलंडच परक्या सैन्याच्या ताब्यात आहे असं धरून खेळ उभा केला. त्यातल्या पॅलेस्टिनींना भरल्या पोटाचे म्हणायचं धाडस तुम्हीच करा.

तीन हमालांचं विचारलंत. तो विषय त्यांचा आणि आमचा आहे. ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं आहे. इथं अनोळखी माणसानं हिशोब मागायचा आणि मी मांडत बसायचं, हे होणार नाही.

पुढची रांग येत्या माघात लावतोय, त्याच खळ्यात. यायचं असेल तर खऱ्या नावानं कळवा. घोंगडी आणि टॉर्च आपापली आणायची, वांग्याचं भरीत आणि भाकर आमच्याकडे. ग्रेडरची चिठ्ठी अजून कोणाला दिलेली नाही.