लोकसंख्येवर ढकला आणि निवांत चहा प्या

मागच्या मंगळवारी लेकीच्या जन्मदाखल्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला गेले होते. हो, एक वेलांटी. माझ्या नावात पहिलीच्या जागी दुसरी पडलीये आणि शाळेला ती चालत नाही. वेलांटी अजून तशीच आहे, पण तिथे जे ज्ञान मिळालं ते एकटीजवळ ठेवायला जीव होत नाही, म्हणून तुमच्यासाठी या टिपा. फुकट आहेत, घ्या.

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा. "लोकसंख्याच केवढी वाढलीये हो, आम्ही तरी काय करणार!" मान डावीकडून उजवीकडे, सुस्कारा, आणि लगेच मोबाईल. समोरचा गप्प होतो, कारण तो स्वतःच लोकसंख्या असतो ना.

हे वाक्य मला मिळालं ती खिडकी नंबर दोन. एकूण खिडक्या चार. एकीवर "बंद आहे" असा पुठ्ठा, एकीत जुन्या फायलींचा ढीग, आणि तीन नंबरच्या आत खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर चिवड्याची बरणी, पंखा फुल स्पीडला, माणूस नाही. साडेअकराला "आत्ताच चहाला गेलेत", साडेबाराला "जेवायला गेलेत", दीडला "त्यांची तर निवडणुकीची ड्युटी लागलीये". म्हणजे मग चहाला कोण गेलं होतं? माझ्यामागे काठी टेकत एक आजोबा, त्यांच्यामागे सव्वा महिन्याचं बाळ घेऊन एक बाई, बाळ रडून रडून झोपलं, परत उठलं, परत रडलं, आणि दोन नंबरवाले साहेब आमच्या रांगेकडे बघत शेजारच्याला म्हणाले, "बघा, लोकं थांबतच नाहीत पोरं काढायची." त्या बाईच्या तोंडावर! मग पाऊण तास सर्व्हर डाऊन. तोही लोकसंख्येनेच पाडला असणार.

पुढची टीप, आकडे बघू नका.

कारण बघितले तर पंचाईत होते. दोन माणसांच्या जागी दोन माणसं यायची तर बाईमागे साधारण २.१ मुलं लागतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा २.० आणि आपल्या महाराष्ट्राचा १.७ आलाय. म्हणजे पोरं "काढणं" कधीच कमी झालंय. लोकसंख्या अजून वाढतेय ती आधी जन्मलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे आणि माणसं जास्त जगतायत म्हणून. तसंही माणसं नक्की किती ते शेवटचं मोजलं २०११ मध्ये, २०२१ ची जनगणना ढकलत ढकलत २०२७ वर गेलीये. न मोजलेल्या लोकसंख्येवर खापर फोडायला तर फारच सोपं.

तिसरी टीप: फॉरवर्ड दोन्ही बाजूंचे सेव्ह करून ठेवा. माझ्या मावशीकडून शिका. २०१९ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून लोकसंख्येचा स्फोट आणि छोटं कुटुंब म्हणजे देशभक्ती असं ऐकल्यावर तिने ग्रुपवर तिरंगे टाकले होते. २०२४ मध्ये आंध्रात चंद्राबाबू म्हणाले जास्त मुलं हवीत, डिसेंबरात नागपुरातून सरसंघचालकांनी तीनचा हिशोब सांगितला, मावशीने हात जोडलेले इमोजी टाकले. आणि परवा साखरपुड्यात जिलबी वाढता वाढता मला, "एकावरच थांबलीस? म्हातारपणी कोण बघणार गं?" मावशी, तुला तीन आहेत. औषधं मी आणून देते.

फक्त एक लक्षात ठेवा, तिसरं झालं की आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही.

लोकलच्या दारातून माणूस पडला तरी हेच वाक्य वापरा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ माणसं पडून मेली, तेव्हाही किती जणांनी वापरलं, "गर्दीच एवढी, काय करणार". गाड्या किती वाढवल्या, बंद होणारी दारं का नव्हती, हे विचारायचं नाही हं. ती माणसं कामावर निघाली होती, गर्दी करायला नव्हती निघाली.

आता टिपा पुरे, माझं डोकं फिरलंय.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी गमावली, त्याला शंभर वर्षं उलटली आणि तुम्ही अजून बायकांनाच विचारताय. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या बायकांमध्ये ऑपरेशन करून घेतलेल्या जवळजवळ ३८ टक्के, आणि नवऱ्याची नसबंदी? ०.३ टक्के! पोट आम्ही फाडून घ्यायचं, कमी करा म्हटलं की आम्ही, वाढवा म्हटलं की परत आम्हीच, आणि पाळणाघराची फी विचारली की सगळे वर पंख्याकडे बघतात. माणसं जास्त झाली असं वाटतं तर तेवढ्या शाळा, तेवढे दवाखाने, तेवढ्या गाड्या द्या. कमी पडतायत असं वाटतं तर जी आहेत त्यांना आधी नीट जगू द्या. दोन्ही करायचं नाही आणि रांगेतल्या बाईला तोंडावर बोलायचं, लाज नाही वाटत?

आणि साहेब, रांग आमच्या पोरांनी नाही लांबवली. चारातल्या तीन खिडक्या तुम्ही बंद ठेवल्यात. तो खुर्चीवरचा टॉवेल काढा, चिवडा कपाटात ठेवा आणि कुणीतरी बसा तिथे. मी गुरुवारी परत येतेय.