कामाची माणसं आधी

मंगळवारी संध्याकाळी गिरणीत माझा डबा तिसरा होता. बुधवारी पाचवा झाला. आज गुरुवार, आणि आज सकाळी तो रांगेतच नव्हता. शोधशोध केल्यावर भिंतीकडेला, खराट्याच्या मागे सापडला. दहा किलो लोकवन, त्यात बायकोने टाकलेली मूठभर मेथी, सगळं जसंच्या तसं. झाकणावर खडूने लिहिलेलं, ‘पुणं’. नाव नाही, आडनाव नाही, नुसतं पुणं.

साताऱ्यात राहायला येऊन चौदा महिने झाले. का आलो ते थोडक्यात सांगतो, कारण आता ते मलाही नीटसं आठवत नाही. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली, बायको हिंजवडीच्या रस्त्याला विटली होती, आणि एका मित्राने सांगितलं की एकशेदहा किलोमीटरच तर आहे, दीड तासात पुणं. असं सांगणाऱ्या माणसाच्या वाटेत खंबाटकी लागत नाही, टोलनाक्यावर पुढच्या गाडीचा फास्टॅग अडकत नाही आणि तो कधीच रविवारी संध्याकाळी निघत नाही. मला तसं जमलेलं नाही.

तर गिरणी. “माझा नंबर मागे का गेला?” असं मी विचारलं. गिरणीवाल्याच्या भुवयांवर इतकं पीठ साचलेलं असतं की तो रागावलाय की हसतोय ते कळत नाही. त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. “तात्या म्हनले, कामाची मानसं आधी घे.”

कोपऱ्यात पोत्यावर तात्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि दळण? दळण नाही. तात्या गिरणीत दळायला येत नाहीत, बसायला येतात. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते मी इथे येण्याआधी कौतुकाने ऐकलं होतं. या गावात नव्या माणसाची चौकशी करायला पूर्ण वेळ मोकळी असलेली एवढी अनुभवी माणसं आहेत, हा त्याचा अर्थ मला नंतर कळला.

“बसा,” तात्या म्हणाले. बसायला जागा नव्हती. “तुम्ही घरीच असता न्हवं?”

“घरून काम करतो.”

“त्येच म्हनतोय मी. घरीच.”

“नोकरी आहे मला, तात्या. कंपनी पुण्यात आहे.”

“आनि तुम्ही हितं.”

“हो.”

“मग हजेरी कोन लावतं?”

मी सांगितलं, कॉम्प्युटरवर लागते. तात्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “आमच्या खात्यात बी हुता असा एक. सही करायचा नि घरी जायचा. पुढं चौकशी लागली त्येला.”

रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ज्वारी घेऊन आलेल्या एका मावशींनी तर आवाज उतरवून धीर दिला, “असू द्या हो. मिळंल दुसरी.” चार दिवसांत तीन रात्री मी अकरापर्यंत मीटिंगमध्ये होतो, हे त्यांना कसं सांगणार? सांगितलं असतं तर रात्री अकरा वाजता कुणाशी बोलत होतो, हा पुढचा प्रश्न होताच.

“भाडं किती देता?” तात्या.

पट्टा फटफटत होता, चक्कीची घरघर चालू होती. तात्यांना ऐकू यावं म्हणून मी ओरडलो, “चौदा हजार!” आणि नेमकं त्याच क्षणी गहू संपला म्हणून गिरणीवाल्याने बटण बंद केलं. माझे चौदा हजार त्या शांततेत भिंतीवर आपटून परत आले. बाहेर स्कूटरवर बसलेल्या माणसानेही मागे वळून पाहिलं.

“चौदा?” तात्या पोत्यावरून अर्धे उठले. “आवो, तुमच्या वरच्या मजल्यावर नऊ देत्यात!”

इथे मी हसत हसत लिहितोय, पण हे मला लागलं. वरचा मजला आणि आमचा मजला, नकाशा एकच. घरमालकाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “पुण्यात किती देत होता?” मी मूर्खासारखं खरं सांगितलं. त्याच्या निम्मं तो म्हणाला आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. प्लंबरही असाच. नळाची चकती बदलायला येतो, बोलणं ऐकतो, ‘येतोय’ऐवजी ‘येतो आहे’ म्हणणारा माणूस दिसला की आकडा वाढवतो. भाषेवर कर लावणारं हे पहिलंच गाव असेल.

आणि याचा दोष नुसता त्यांना देता येत नाही, हेच जास्त खुपतं. माझ्यासारखेच कुणीतरी माझ्या आधी येऊन, ‘अरे, किती स्वस्त!’ असं मोठ्याने बोलून गेलेत. माझे पुण्यातले मित्रही तसेच. कास पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबर हा फुलांचा महिना राहिला नाही, पाहुण्यांचा झाला. मागच्या सप्टेंबरात आमच्याकडे चार शनिवारी मिळून एकवीस माणसं आंघोळ करून गेली. प्रत्येकाने गॅलरीतून अजिंक्यताऱ्याचा फोटो काढला आणि विचारलं, “तुला इथे कंटाळा नाही रे येत?” जाताना कंदी पेढे आठवणीने नेले. आम्हाला काय आणलं होतं? चितळ्यांची बाकरवडी, जी इथे साताऱ्यातच पोवई नाक्यावर मिळते.

असो. तात्यांकडे येतो. तात्या आता मूळ मुद्द्यावर आले होते.

“आमचा थोरला पुन्यात वाकडला असतो. सोळाव्या मजल्यावर. वीस वर्षांचं कर्ज. हितं चार खोल्या, दोन तर उघडत बी नाय आम्ही.” मग बराच वेळ ते छत्रीच्या टोकाने जमिनीवरच्या पिठात रेघा ओढत राहिले. “शानी पोरं तिकडं गेली. तुम्ही उलटं कशाला आला वो?”

काहीतरी मोठं बोलायची ही संधी होती. शाहू महाराजांनी वसवलेलं शहर, किल्ल्याच्या पायथ्याची हवा, वगैरे. मी म्हणालो, “तिथे पार्किंग नव्हतं.”

तात्यांना ते पटलं. पहिल्यांदाच पटलं. लगेच त्यांनी विचारलं, “पुन्याला कधी जाताय?”

या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यात द्यायचं नसतं, हे मला चौदा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. “शनिवारी,” मी म्हणालो.

पाऊण तासाने तात्यांचा नातू सायकलवरून गव्हाची पिशवी घेऊन आला. वाकडला गिरणीचं पीठ चांगलं मिळत नाही, सुनेला ते चाळावं लागतं. पिशवी थेट चक्कीवर गेली. ज्वारीवाल्या मावशी, मी, माझा डबा, सगळे बघत राहिलो. “प्रवासाचं हाय,” गिरणीवाल्याने सगळ्यांना समजावलं, “थांबवून चालत नाय.” कोमट पिठाची ती पिशवी तात्यांनी स्वतः माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि उन्हात ठेवू नका म्हणून दोनदा बजावलं.

माझ्या डब्याचा नंबर लागणार तोच लाइट गेली.

घरी आलो. परवापासून भातावर आहोत. बायकोने डिकी उघडून पिशवी हाताने चाचपली. “दोन वाट्या काढून घेतल्या, तर काय कळणार आहे त्यांना?”

मी तिला गाठीत खोचलेली चिठ्ठी दाखवली. तात्यांचं सरकारी अक्षर. बारा किलो तीनशे ग्रॅम, पिशवीसकट.