पिण्याच्या नळावर मैल्याची नळी धुवायची नसते

आज सकाळी अकराच्या सुमाराला, पेनसिल्व्हेनियातल्या कॉन्फ्लुअन्स गावाजवळच्या नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर, भाड्याची आरव्ही (आत मोरी-संडास असलेली राहायची गाडी) घेऊन आलेल्या एका कुटुंबाने मैल्याची टाकी रिकामी केली आणि ती तीन इंची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळावर धुतली. तोटी नळीच्या तोंडात घालून. आतून पाणी जोरात जावं म्हणून. कुटुंब मराठी होतं. "अगं, त्या नळाला धार नाहीये, इकडेच आण" हे शब्द स्पष्ट ऐकू आले. नंतर दहा मिनिटांत जवळच्या सायकलवाटेवरून एक सायकलवाली मुलगी आली, त्याच नळावर बाटली भरली आणि तिथेच उभ्याने अर्धी प्यायली.

संताप झालाय. नाव लिहिणार नाही, टॅग करणार नाही. पण लेबर डेच्या (सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या) सुट्टीत आपल्यातली निदान पाच-सहा घरं आरव्ही भाड्याने घेऊन निघणार आहेत, म्हणून आजच लिहितेय.

ज्यांच्या घरात पिण्याच्या पाण्याचं भांडं वेगळं, ओगराळं वेगळं, खरकटा हात माठाला लागला तर आजी पूर्ण माठ ओतून टाकायची, त्या आपल्याला हे सांगावं लागतंय. घरात आपण इतके काटेकोर असतो. मग गाडीत बसलो की ते सगळं कुठे जातं?

मान्य, भाड्याने देणारे वीस मिनिटांत सगळी गाडी दाखवतात आणि चावी हातात ठेवतात. तेवढं मान्य. पण नळावर पाटी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आरव्हीत तीन पाणी असतात. पहिलं प्यायचं, ते ताज्या पाण्याच्या टाकीतून किंवा थेट साइटवरच्या, म्हणजे गाडी लावायच्या जागेवरच्या, नळावरून येतं. दुसरं मोरीचं आणि अंघोळीचं, त्याची ग्रे टाकी. तिसरं संडासचं, त्याची ब्लॅक टाकी. तिन्हींच्या नळ्या वेगळ्या, हातमोजे वेगळे, ठेवायचे कप्पेही वेगळे. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी असते आणि तिच्यावर पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असं छापलेलं असतं. बागेतली हिरवी नळी चालत नाही. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, बहुतेक ठिकाणी दोन नळ असतात. गटाराच्या झाकणाशेजारचा नळ फक्त धुण्यासाठी असतो आणि त्यावर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी असते. पिण्याच्या पाण्याचा नळ थोडा लांब, वेगळ्या खांबावर असतो. धुण्याच्या नळाला धार नसेल तर बादली आणा, दोन हेलपाटे घाला. दुसऱ्या नळाला हात लावायचा नाही.

का, तेही सांगते, कारण "पाणीच तर आहे, वाहून जातं" हे उत्तर मिळालं. वाहून जात नाही. तोटी नळीच्या आत गेली की मैला तोटीला आणि तिच्या आट्यांना चिकटतो. नोरोव्हायरस, ई-कोलाय, हिपॅटायटिस ए हे सगळं याच वाटेने पसरतं, आणि नोरोव्हायरसचे मोजके कणही माणसाला आडवं करायला पुरतात. त्यात नेमक्या त्याच क्षणी मुख्य लाइनचा दाब घसरला तर नळीतलं पाणी उलट आत ओढलं जाऊ शकतं. ते अडवायला नळावर एक छोटा व्हॅक्यूम ब्रेकर बसवलेला असतो, पण त्याने तोटी स्वच्छ होत नाही. त्यानंतर कुणीतरी आपल्या ताज्या पाण्याच्या टाकीची नळी त्याच आट्यांना लावतं, आणि घाण चाळीस-पन्नास गॅलनच्या टाकीत जाते. तिथे ती आठवडाभर राहते.

किंवा एखादी मुलगी सायकल टेकवून बाटली भरते.

हे गाव कुठलं आहे ते बघा एकदा. पिट्सबर्ग ते कम्बरलंड हा १५० मैलांचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज जुन्या रेल्वेमार्गांवरून जातो. २०१३ मध्ये तो सलग पूर्ण झाला. कम्बरलंडला त्याला सी अँड ओ कालव्याची १८४.५ मैलांची वाट मिळते आणि माणूस थेट वॉशिंग्टनपर्यंत सायकलवर जातो, मोटारींच्या रस्त्याचा जवळजवळ संबंध न येता. कॉन्फ्लुअन्स हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. इथून ओहायोपाइल ११ मैल, आणि मधे एकही गाव नाही. म्हणून सायकलवाले इथे थांबून बाटल्या भरतातच. या गावाचं बरंचसं पोट या माणसांवर चालतं. आरव्हीवाला फ्रीज आणि सामान भरून येतो आणि गावात फारसं काही विकत घेत नाही. सायकलवाल्याला जेवण, खोली, ट्यूब, ब्रेकपॅड सगळं इथेच घ्यावं लागतं. म्हणजे आपण ज्यांच्या गावात राहतो, त्यांच्याच पाहुण्यांच्या पाण्यात हात घालतो.

आता टाकी रिकामी करण्याची रीत. यातलं वाक्यन् वाक्य वाचा, मग निघा.

ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह साइटवर असताना बंद ठेवायचा. पूर्ण जोडणीची (पाणी, वीज, गटार तिन्ही असलेली) साइट असली, नळी गटाराला कायम जोडलेली असली, तरी बंद. उघडा ठेवला की पाणी निघून जातं, घन भाग मागे राहून वाळतो आणि संडासाच्या खाली त्याचा ढीग तयार होतो, मग तो कशानेही हलत नाही. टाकी किमान दोन तृतीयांश भरल्याशिवाय रिकामी करू नका, कारण सगळं बाहेर ढकलायला मागे वजनदार पाणी लागतं. निघायच्या दिवशी भरली नसेल तर संडासातून बादलीने पाणी ओतून भरा. ग्रे टाकीचाही व्हॉल्व्ह आदल्या दिवशी बंद करा, म्हणजे शेवटी नळी धुवायला साबणाचं पाणी हाताशी राहतं.

हातमोजे घाला. नळीचं गटाराकडचं टोक आधी पक्कं बसवा, त्यावर दगड किंवा विटेचं वजन ठेवा. मग गाडीकडचं टोक फिरवून त्याचे दोन्ही कान (खाचेत बसणारे आकडे) अडकल्याची खात्री करा. एकच कान अडकला असेल तर नळी सुटते आणि पुढचं वर्णन मी करत नाही. तिथे नळीला जोडायचा पारदर्शक एल्बो (वाकडा जोड) लावा, दहा-पंधरा डॉलरला मिळतो, टाकी साफ झाली की नाही ते त्यातूनच दिसतं. आधी ब्लॅक उघडा. संपली की बंद करा, आतून दोन बादल्या पाणी ओता, पुन्हा उघडा. बंद. मग ग्रे. ती नळी धुऊन काढते. नळी गाडीकडून सोडवून उंच धरत गटाराकडे निथळू द्या, टोपणं लावा, वेगळ्या कप्प्यात ठेवा. शेवटी ब्लॅक टाकीत एक-दोन गॅलन पाणी आणि औषध घाला, कोरडी ठेवू नका. हे सगळं चालू असताना बाथरूमचा पंखा बंद ठेवा, नाहीतर तो टाकीतला वास गाडीत ओढतो.

संडासात फक्त लगेच विरघळणारा कागद. ओले वाइप्स नाहीत, पाकिटावर 'फ्लश करता येतात' लिहिलेलं असलं तरी नाहीत. आपल्याकडे पाण्याची सवय असते ती इथे खरोखर फायद्याची आहे, कागद कमी आणि पाणी जास्त, टाकीला नेमकं तेच हवं असतं.

मोरीची गोष्ट आपली खास. फोडणीचं तेल, तूप, वरणाचा तळ, भाताची शितं, चहाचा चोथा, हे सगळं ग्रे टाकीत जातं आणि तिथेच थिजतं. टाकीच्या भिंतीवरच्या सेन्सरवर तेलाचा थर बसला की टाकी रिकामी असूनही पॅनल 'भरली' दाखवतं. ताटं, कढई आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात, मग धुवा. मोरीच्या भोकात बसणारी बारीक जाळी दोन डॉलरला मिळते. आणि ग्रे पाणी "साबणच तर आहे" म्हणून झुडपात सोडायचं नाही. ही यॉकिओगेनी नदी आहे, धरणाच्या तळातून थंड पाणी येतं म्हणून इथे ट्राउट टिकतो, आणि खालची गावं हेच पाणी शुद्ध करून पितात. शितं कावळ्यांना टाकायची नाहीत. या डोंगरात काळी अस्वलं आहेत.

बरं, नळी धुणारा तो माणूस वाईट नव्हता. हे लिहिताना सकाळइतका राग राहिलेला नाही. मागच्या सीटवर दोन मुलं होती, चेकआउटची वेळ झाली होती, मागे चार गाड्या हॉर्न न वाजवता पण इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. घाईत माणूस धार असलेला नळ धरतो. आणि हे फक्त आपलेच लोक करतात असंही नाही. पण ती बाटली डोळ्यांपुढून जात नाही. कॅम्प होस्टने (कॅम्पची देखरेख करणाऱ्याने) धावत जाऊन त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. उरलेलं पाणी गवतात ओतलं आणि रिकाम्या बाटलीकडे बघत राहिली.

विजेचं थोडक्यात, कारण दुपारी त्याच रांगेत तीनदा फ्यूज उडाला. ३० ॲम्पची साइट म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट, बास. छतावरचा एसी साधारण १३ ते १५ ॲम्प खातो, विजेची किटली साडेबारा, पाणी तापवायची विजेची कॉइल जवळपास १२. तिन्ही एकदम लावली की उडणारच. गरम पाणी गॅसवर घ्या, किटली लावताना एसी थांबवा. ५० ॲम्पच्या गाडीला ॲडॉप्टर लावून ३० च्या खांबाला जोडलं तरी मिळतात ३० च. खांबावरचा ब्रेकर बंद करून प्लग लावा, बंद करूनच काढा. पाण्याच्या नळाला ४०-५० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे दाब आवरणारा जोड, लावा, आणि तो नळाकडच्या टोकाला, गाडीकडे नाही, म्हणजे नळीही फुटत नाही. लाकडं घरून आणू नका, इथेच विकत घ्या. ॲश झाडांना मारणारा किडा लाकडांबरोबरच एका काउंटीतून दुसरीत गेला.

आणि नदी. इथे मला राग येत नाही, भीती वाटते. पाण्याला लागून असलेली साइट सगळ्यांना हवी असते, सहा-सहा महिने आधी बुक करतात. "वर धरण आहे, पुराची काळजी नाही" असं आज दोघांनी सांगितलं. धरण आहे, १९४४ पासून आहे, पूर अडवायलाच बांधलंय. पण ते फक्त यॉकिओगेनीवर आहे. या गावात तीन पाणी मिळतात, म्हणून तर त्याचं नाव संगम. कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल क्रीक दुसऱ्या बाजूंनी येतात, त्यांना ते धरण अडवत नाही. शिवाय धरणातून पाणी सोडलं की खालची पातळी ऊन असतानाही चढते, मुलं गुडघाभर पाण्यात खडकावर बसलेली असतात तेव्हाच.

टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ ला पहाटे ग्वाडलुपे नदी ४५ मिनिटांत सुमारे २६ फूट चढली. काठावरच्या आरव्ही माणसांसकट वाहून गेल्या. सुट्टीचा दिवस, सगळे झोपलेले.

म्हणून साइटवर पोचल्यावर आधी चटया अंथरू नका. उंचावर जाणारा रस्ता कुठला ते पायी चालून बघा. फोनवर वादळाचे इशारे चालू ठेवा, आणि कॅम्पमध्ये रेंज नसेल तर हवामानाचा रेडिओ घ्या, पंचवीस-तीस डॉलरचा. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) वेबसाइटवर नदीची पातळी दर पंधरा मिनिटांची दिसते. इथे असाल तर मार्कलटनला कॅसलमनची आणि अर्सायनाला लॉरेल हिल क्रीकची बघा, कारण तिथे चढलेलं पाणी नंतर इथे येतं. डोंगरात जोराचा पाऊस सांगितला असेल त्या रात्री ऑनिंग (गाडीबाहेर पसरायचं कापडी छत) आत घ्या, चाव्या आणि चपला दाराशी ठेवा. आणि पाणी चढलंच तर गाडी वाचवायला थांबू नका. नळ, वायर, गटाराची नळी, खुर्च्या, सगळं तिथेच टाका. मुलांना उचला आणि पायी वर जा.

एडिट, रात्री ९:४०: तो माणूस संध्याकाळी परत आला होता. गावातच दुसऱ्या ठिकाणी उतरलेत. हातात ब्लीचची बाटली, नवीन ब्रश. होस्टने आधी साबणाने तोटी घासून घेतली, मग गॅलनभर पाण्यात पाच टेबलस्पून ब्लीच घालून ते तोटीला आणि आट्यांना लावलं, पाच मिनिटं ओलं ठेवलं आणि नंतर बराच वेळ नळ सोडून ठेवला. त्याने सगळं स्वतः केलं, होस्ट नुसता सांगत होता. दुपारपासून बंद ठेवलेला नळ आता चालू आहे. जाताना त्याने विचारलं, ती मुलगी कुठल्या दिशेला गेली. ओहायोपाइलकडे, एवढंच माहीत होतं.