कोणत्या लाईनीत?

डोंबिवलीत जन्मलेल्या माणसाला लाईन एकच असते. सेंट्रल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर पहिली आगगाडी धावली, तेव्हाच आमच्या पुढच्या पिढ्यांची लाईन ठरून गेली. सोयरीक जुळवतानाही आमच्याकडे पत्रिकेआधी लाईन बघतात. मुलगी वेस्टर्नची निघाली तर जन्मभर दादरचा पूल चढणं आलं. त्यामुळे वर्ध्याला बदली झाल्यावर नव्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, ओसरीवर बसवून पहिलाच प्रश्न केला, "कोणत्या लाईनीत आहे जी तुम्ही?", तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, "सेंट्रल."

काका खुर्चीतून अर्धे उठले. आत हाक गेली, "चहा मांड वं, सेंट्रलचे साहेब आले!"

मी एका औषध कंपनीत फिरतीवर असतो, हा उलगडा दुसऱ्या कपाला झाला. "अच्छा, मेडिकल लाईन!" म्हणत काकांनी उठलेला अर्धा भाग परत खुर्चीत ठेवला आणि मला आपला गुडघा दाखवला. तेव्हापासून रोज दाखवतात.

खरा हिसका बसला तो मे महिन्यात. दिवसा पारा ४५च्या वर, आणि एका संध्याकाळी वावटळ उठून कुठंतरी फांदी पडली. पंखा थांबला. मी अंगणात धावलो.

"काका, लाईट गेले का?"

"लाईट नाही जी, लाईन गेली."

"कधी येईल?"

"लाईनमन लाईनवर गेला आहे. फोन लावून पाह्यला, पण त्याची लाईनच लागत नाही."

"आणि पाणी?"

"नळाची लाईन फुटली आहे. विहिरीवरची मोटर चालू केली असती, पण लाईन कुठं आहे?"

आमच्याकडे 'लाईट' जातात, तेही आदरार्थी बहुवचनात. इथं लाईन एकवचनात जाते आणि घरातलं सगळं बरोबर घेऊन जाते. मी घामाच्या धारा पुसत बसलो. तेवढ्यात मागच्या बाजूनं कुणीतरी आनंदानं ओरडलं, "भेटली, लाईन..." मी टुणकन उठून पंख्याचं बटण चारदा वरखाली केलं. मागे गवंडी उभा होता. दिवसभर हरवलेली लाईनदोरी त्याला विटांच्या ढिगात सापडली होती. अंधारात मला शब्दाचा पहिलाच अर्धा ऐकू आला.

रात्री काकूंनी भाकरीबरोबर जवसाची चटणी पाठवली. मोबाईलमध्ये शेवटची थोडी बॅटरी होती. शहाण्या माणसानं ती जपली असती. मी लाईन शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात. जवसाच्या झाडापासून निघालेल्या धाग्याची दोरी ती लिनिया, आणि तिचीच पुढे इंग्रजीत लाईन झाली. म्हणजे सगळं गाव जिला शोधत होतं ती लाईन तेल घालून माझ्या ताटात होती, आणि गवंड्याच्या हातातली लाईनदोरी म्हणजे शुद्ध 'दोरीदोरी'. हे काकांना सांगायला उठलो आणि मोबाईल विझला.

अखेर शेजारच्या शिक्षिका ताईंना दया आली. त्यांच्या घराची फेज वेगळी, तिथं दिवे लखलखत होते. त्यांनी कुंपणावरून वायर टाकून माझा एक पंखा चालू करून दिला. मोबाईलही चार्ज झाला. मी कृतार्थ होऊन डोंबिवलीला बायकोला फोन लावला. दीड महिन्यात जिभेला जी सवय लागली होती, तिनं तिथं घात केला.

"अगं, काल रात्रीपर्यंत वाटत होतं, इथं माझं कुणी नाही. आज शेजारच्या ताईंनी लाईन दिली, आता गाढ झोप लागेल."

पलीकडे शांतता. आमच्या कॉलेजात लाईन मारणं आणि लाईन देणं यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मी वायर, फेज, फांदी अशी उलट्या क्रमानं सुरुवात करणार, तोच लाईन कट झाली. पुन्हा लावला, तर बिझी. सासूबाईंशी चालू असावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको विदर्भ एक्सप्रेसनं वर्ध्याला उतरली. आधी तिनं कुंपण पाहिलं, मग वायर, मग ताई. ताई निवृत्तीला टेकलेल्या होत्या, तरी बायकोच्या कपाळावरची आठी पूर्ण गेली नाही. एवढ्यात काका गुडघा सांभाळत पुढे आले.

"कोणत्या लाईनीत आहे जी बाई तुम्ही?"

"मी?" माझ्याकडे बघत ती म्हणाली, "मी ह्यांना लाईनवर आणायला आलेय."

"आली न जी लाईन," काका म्हणाले. "परवा रात्रीच आली."