जळके दगड मोजायची सुट्टी

उत्खनन म्हणजे ब्रशने हळूच माती झटकायची आणि खालून सोन्याचं कडं निघणार, असं मला आपलं वाटायचं. आयर्लंडमधे नोकरीला येऊन चार वर्षं झाली, तर यंदा हौस म्हणून कॉर्कमधल्या एका खोदकामावर आठवडाभर फुकट मजूर म्हणून नाव दिलं, तेही रजा टाकून. ओढ्याकाठी चिखलात घोड्याच्या नालेसारखा एक काळा उंचवटा. त्यात काय? जळके दगड. त्याखाली? जळके दगड. मधेमधे कोळसा, चवीपुरता.

याला इकडे फुलाख्त फिया म्हणतात. बहुतेक कांस्ययुगातले, आणि देशभर हजारोंनी आहेत, त्यात कॉर्कमधे तर पैशाला पासरी, म्हणजे मी काहीतरी दुर्मिळ खोदतोय हा समज पहिल्याच चहाला उतरला. ओढ्याजवळ खड्डा खणून फळ्या लावून डोणी करायची, पाणी आपोआप झिरपतं, शेजारी जाळ करून दगड तापवायचे नि त्यात टाकायचे. दगड तडकून निकामी झाले की बाजूला फेकायचे, तोच हा ढीग. ऑफिसातली मंडळी स्पेनला गेली आणि मी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या बंबाची राख घमेल्याने उपसतोय! वर प्रत्येक बादलीतले दगड वजन करून वहीत लिहायचे, हेही माझ्याकडेच, कारण इंडियन म्हणजे गणितात चांगला.

बरं, हे होतं कशासाठी? १९५०च्या दशकात ओ'केली नावाच्या प्राध्यापकांनी अशाच डोणीत ४५४ लिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासात उकळून दाखवलं आणि साडेचार किलोची मटणाची तंगडी गवताच्या काड्यांत गुंडाळून ३ तास ४० मिनिटांत शिजवली. (मसाल्याचं कुणी बोलत नाही, तिथेच माझं मन उडालं.) पण अशा ठिकाणी हाडं फारशी सापडत नाहीत, मग कोणी म्हणतं कपडे रंगवायचे, कोणी म्हणतं अंघोळ, आणि २००७ साली गॉलवेच्या दोघांनी चक्क डोणीत बिअर बनवली. आमच्या साईटवर बिअरवाल्यांचं बहुमत, विशेषतः संध्याकाळी पाचनंतर.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल.

"काय सापडलं रे?"

"जळके दगड."

"आणि?"

"अजून जळके दगड. पाणी तापवायचे त्याने, कशाला ते कळत नाहीये."

"न कळायला काय झालं? तुमच्या त्या थंडीत अंघोळीलाच. जेवण काय हौदात करतात होय! आणि तू केलीस का आज?"

नव्हती केली. गीझर बंद पडून तीन दिवस झालेत, घरमालक फोन उचलत नाही.

डोणीच्या फळ्या मात्र अजून शाबूत. रोज संध्याकाळी आम्ही ती बादलीबादलीने कोरडी करतो नि रोज सकाळी ती काठोकाठ भरलेली असते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची टाकी अकरा वर्षांत तीनदा गळली.

उद्या उपसायची पाळी परत माझीच.