दुधाचेच तर दात!

मे महिन्यात साताऱ्याला माहेरी गेले, तर तीन वर्षांच्या भाच्याचे वरचे चारही दात तपकिरी खुंट झालेले. आई म्हणाली, "दुधाचेच तर दात, पडणारच आहेत." शेजारच्या काकूंनी निकालच दिला, "हल्लीच्या आयांना वेळ कुठे असतो!" वहिनी गप्प होती.

रात्री ओटा पुसताना ती बोलली. "ताई, दोनदा घासायचे, दुधात साखर नको, बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, सगळं पाठ आहे मला. पण रात्री अकराला हा भोकाड पसरतो आणि सकाळी पावणेआठला माझी एसटी."

पालकांच्या माहितीची परीक्षा घेतली तर वहिनी पैकीच्या पैकी मार्क काढेल. दात मात्र किडलेलेच. आपल्याकडचा सगळा वाद आईच्या अज्ञानावर घसरतो, तो मला म्हणूनच पटत नाही.

मी ग्लासगोत राहते. इथल्या आया काही जास्त शहाण्या नाहीत. २००३ साली स्कॉटलंडमध्ये पहिलीतल्या जेमतेम ४५ टक्के मुलांचे दात किडीशिवाय होते. मग 'चाइल्डस्माइल' योजना आली. माझ्या लेकीच्या नर्सरीत भिंतीजवळ ब्रशांचा स्टँड आहे, प्रत्येक खाचेवर एकेक चित्र. तिचं कासव. रोज सगळी पोरं गोल करून घासतात, बाई शेजारी उभ्या, पेस्ट वाटाण्याएवढी. फेस थुंकायचा, पण चूळ भरायची नाही, कारण फ्लोराइड दातांवर राहायला हवं. आता किडीशिवायच्या मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास आहे. सगळं गोडगोड नाही: गरीब वस्त्यांतली मुलं अजून मागे आहेत, आणि नवा पेशंट घेणारा सरकारी डेंटिस्ट शोधताना नाकी नऊ येतात. पण घासायचं काम एकट्या आईच्या गळ्यात राहिलं नाही, हे खरं.

आपल्याकडे अंगणवाडी आहेच की! सेविका वजन करते, खाऊ देते, गाणी म्हणून घेते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून तपासणीला येतं आणि दातही बघतं. पण बघणं वेगळं, रोज घासून घेणं वेगळं. सेविकेवर आणखी एक काम लादायचं तर मानधनही वाढवावं लागेल, हेही बोललं पाहिजे.

आईला मी एकच गोष्ट सांगितली. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात, आणि सहाव्या वर्षी त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते. तीही दुधाचीच समजून आपण घालवतो. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता रात्री तीच नातवाला मांडीवर आडवा घेऊन घासते. चूळ मात्र भरायला लावतेच. फेस पोटात जाईल ही तिची भीती फोनवरून घालवणं मला अजून जमलेलं नाही.