हाड मोडायचं तर कागदोपत्री मोडा

हाड मोडणं सोपं असतं. त्याला ना शिक्षण लागतं, ना ओळख, ना वशिला. पुसून तशीच सोडलेली ओली फरशी, झाकण नसलेलं गटार किंवा मोबाइलमध्ये डोकं घालून गाडी हाकणारा एखादा इसम पुरतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हाड मोडलंय हे सिद्ध करायचं, ते दुसऱ्याच्या चुकीने मोडलं हे सिद्ध करायचं, त्यापायी तुमचं नेमकं किती नुकसान झालं हेही सिद्ध करायचं, आणि हे सगळं एक हात गळ्यात अडकवलेला असताना. भरपाई हाडाची मिळत नाही, हाडाच्या कागदांची मिळते. तेव्हा ज्यांची हाडं अजून शाबूत आहेत त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवावं. ज्यांचं मोडून झालंय त्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त त्यांच्या निम्म्या चुका एव्हाना करून झालेल्या असतील.

पडण्यापासूनच सुरुवात करू. पडलेल्या माणसाला दुखण्याच्या आधी लाज वाटते. तो धडपडत उठतो, कपडे झटकतो आणि भोवती जमलेल्यांना हसून सांगतो, ‘काही नाही, काही नाही, माझंच लक्ष नव्हतं.’ हे वाक्य जन्मात उच्चारू नका. दोन वर्षांनी उलटतपासणीत समोरचा वकील तेच शब्द तुम्हाला गोड आवाजात वाचून दाखवेल. पडलात की पडून राहा. कुणी उचलायला आलं तर आधी त्याचं नाव आणि फोन नंबर घ्या, मग हात द्या. फरशी वाळायच्या आत तिचा फोटो काढा. माणूस पडलेल्या फरश्या फार लवकर वाळतात. गटाराचंही तेच. वर्षभर न सापडलेलं झाकण संध्याकाळपर्यंत जागेवर येतं. खड्ड्याची खोली नुसत्या फोटोत कळत नाही, म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा असं जाणकार सांगतात, तेव्हा यापुढे बाहेर पडताना खिशात मोजपट्टी असू द्या. जवळपास सीसीटीव्ही असेल तर चित्रीकरणासाठी त्याच दिवशी लेखी अर्ज करा, कारण साठवण भरली की जुन्यावर नवं चढतं. कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता असं उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा.

कोणतं हाड मोडावं, हे ठरवायची संधी मिळाली तर मांडीचं निवडा. त्याला मान आहे. शस्त्रक्रिया होते, आत रॉड बसतो, तो एक्स-रेत पांढराशुभ्र दिसतो आणि न्यायाधीशांना चष्मा न लावता कळतो. बरगडी शक्यतो टाळा. बरगडीला प्लास्टर घालत नाहीत, त्यामुळे शिंकताना डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी बघणाऱ्याला तुम्ही ठणठणीतच वाटता. आणि मनगटात अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं चिमुकलं हाड तर चुकूनही मोडू नका. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, नाहीतर एमआरआय. तोवर केस पेपरवर ‘मनगट मुरगळले, क्रेप बँडेज, विश्रांती’ असं लिहून झालेलं असतं. या हाडाला रक्त पोचतं तेही उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून मागे. त्यामुळे उपचाराला उशीर झाला तर मागचा तुकडा मरू शकतो आणि हाड जुळायचं राहून जातं. डॉक्टरांना हे पाठ असतं. विमा कंपनीलाही पाठ असतं, म्हणूनच ती विचारते, पहिल्या दिवशी हाड शाबूत होतं ना, मग मधले दोन आठवडे आपण नक्की काय करत होता?

एक्स-रे आणि कोर्टाची सोयरीक तशी जुनी. रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले आणि पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या न्यायालयाने मांडीच्या मोडलेल्या हाडाचा एक्स-रे पुरावा म्हणून दाखल करून घेतला. शिडीवरून पडलेल्या एका तरुणाचं हाड मोडलंय हे शल्यविशारदाच्या लक्षातच आलं नव्हतं, म्हणून तरुणाने त्याच्यावर दावा लावला होता. हा तरुण कायद्याचा अभ्यास करत होता. पडण्याआधीची तयारी म्हणतात ती ही.

आपल्या हाडाची किंमत काय, हे माणसाला फार पूर्वीपासून जाणून घ्यायचं आहे. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराच्या बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात उमरावाने बरोबरीच्या उमरावाचं हाड मोडलं तर मोडणाऱ्याचंही मोडायचं, असा सरळ हिशेब होता. सामान्य माणसाचं मोडलं तर एक मिना, म्हणजे ६० शेकेल वजनाची चांदी. त्याच सामान्य माणसाचं हाड जुळवून देणाऱ्या वैद्याची फीसुद्धा तिथेच बांधून दिली आहे: ३ शेकेल. भरपाई ६०, उपचार ३. मानवजातीने हा हिशेब पुढे सावकाश उलटा करून घेतला.

रोमनांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात स्वतंत्र माणसाच्या हाडाला ३०० आस (हे तिथलं नाणं), गुलामाच्या हाडाला १५०, आणि साध्या मारहाणीला २५. दर ठरलेले, घासाघीस नाही. पुढे नाण्याची किंमत इतकी घसरली की ल्युसियस व्हेराटियस नावाच्या एका आसामीला छंदच लागला. रस्त्यात भेटेल त्याच्या थोबाडीत ठेवून द्यायची, आणि पैशांची पिशवी घेऊन मागून चालणाऱ्या गुलामाने तिथल्या तिथे २५ आस मोजायचे, अशी हकिकत ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. लोक त्याला उद्दाम म्हणतात. मला विचाराल तर इतक्या तत्परतेने दावे निकाली काढणारा माणूस त्यानंतर झाला नाही. आता थोबाडीत तेवढी जागच्या जागी मिळते, पिशवीसाठी आपणच अर्ज करायचा असतो.

इंग्लंडातल्या केंटच्या एथेलबर्ट राजाने सन ६०० च्या सुमारास अवयवांचं दरपत्रकच काढलं. बरगडी मोडली ३ शिलिंग, मांडी मोडली १२, करंगळी तुटली ११. म्हणजे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेला गडी आणि चिंधी गुंडाळून आठवड्याभरात नांगराला हात घालणारा गडी, यांच्यात फरक एका शिलिंगचा. आजच्या अपंगत्वाच्या टक्केवाऱ्या बघून कुणी हळहळत असेल तर त्याने एथेलबर्टाला आठवावं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जखमीच्या ‘समुत्थानव्यया’ची, म्हणजे तो बरा होईपर्यंतच्या खर्चाची, जबाबदारी इजा करणाऱ्यावर टाकली आहे. एका ओळीत काम संपलं. तीन प्रतींत अर्ज नाही, मूळ बिलं नाहीत, परिशिष्ट ‘ब’ नाही.

आता चूक कुणाची, हा मुद्दा. इथे १८०९ चा एक इंग्लिश खटला ध्यानात ठेवा. डर्बी गावात एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा वासा टाकून ठेवला होता. दिवेलागणीच्या वेळी एक घोडेस्वार भरधाव आला, वाशाला धडकला आणि घोड्यासकट कोसळला. कोर्टाने सांगितलं, नीट बघून चालला असतास तर वासा दिसला असता. हातावर एक पैसा पडला नाही. रस्त्यात वासा ठेवायचा हक्क कुणाला, हा प्रश्न घोड्याच्या वेगापुढे मागे पडला. १९४५ साली इंग्लंडने कायदा बदलला आणि चुकीची वाटणी टक्क्यांत करायला घेतली, पण मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांत अजूनही तुमची चूक चिमूटभर निघाली की दावा गेला. तेव्हा पडताना बिनचूक पडा. बुटांचे तळ आदल्या दिवशी तपासून ठेवा, दोन्ही बाजूंना पाहा, आणि काय पडायचं ते अंधार व्हायच्या आत पडा.

हे सगळं जमलं की विमा कंपनीचा फोन येतो. आवाज आर्जवी, विचारपूस घरच्यासारखी. ‘कसे आहात साहेब आता?’ आपल्याला लहानपणापासून एकच उत्तर शिकवलेलं असतं, आणि ते आपण अतिदक्षता विभागातूनही देतो. ‘बरं आहे.’ झालं. संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याची सूचना सुरुवातीलाच दिलेली असते, आणि अपघातानंतर अकराव्या दिवशी दावेदाराने स्वतःच्या तोंडाने प्रकृती बरी असल्याचं सांगितलं, अशी नोंद फाइलला लागते. म्हणून आजपासून सराव करा. शेजाऱ्याने जरी ‘कसं काय?’ म्हटलं तरी सांगा, ‘लेखी कळवतो.’

मग अर्ज. ‘अपघाताचे स्वरूप’ यापुढे दीड ओळ असते आणि ‘यापूर्वी आपणांस कोणकोणते आजार होते’ यापुढे अख्खं पान. त्या पानावर सात वर्षांपूर्वीची पाठदुखी लिहिलीत तर आत्ताचं सगळं दुखणं तिच्या नावावर जमा होतं. न लिहिलीत तर माहिती दडवली म्हणून दावा फेटाळतात. (लिहाच. जुने केस पेपर ते शोधून काढतातच, आणि खोटं पकडलं गेलेल्या माणसाचं खरं हाडही कुणी खरं मानत नाही.) मूळची हाडं ठिसूळ असल्याची काळजी मात्र करू नका. समोरचा जसा असेल तसा पदरी पडला, असं इंग्लिश वळणाचा कायदा धक्का देणाऱ्याला बजावतो. शेवटी सही. उजवं मनगट प्लास्टरमध्ये असतं, म्हणून तुम्ही डाव्या हाताने करता. पहिलं अक्षर वर जातं, आडनाव चौकटीबाहेर घसरतं, आणि खाली ओघळलेला एक फराटा कुठल्याच अक्षराचा नसतो. तीन आठवड्यांनी अर्ज परत येतो. शेरा: सही नोंदीतील नमुन्याशी जुळत नाही. मनगट मोडल्याचा याहून सज्जड पुरावा दुसरा नाही, पण तो पुराव्याच्या रकान्यात नाही, सहीच्या रकान्यात आहे.

दावा चालू असेपर्यंत चेहऱ्यावर जरा काळजी घ्या. दावेदाराने हसू नये. कुटुंबाच्या सोहळ्यात कुणी फोटो काढायला लागलं तर खांबाआड व्हा. फेसबुकवरच्या एका हसऱ्या फोटोने दाव्यातला ‘जीवनातील आनंद हिरावला गेल्याचा’ परिच्छेद क्रमांक चौदा झोपतो. पिशवी उचलू नका, समोरच्या गाडीत कॅमेरा घेऊन कुणी बसलेलं असू शकतं. मात्र घरी बसून राहिलात, तर प्रकृती सुधारायचा प्रयत्नच केला नाही म्हणून रक्कम कापतात. सबब फिजिओथेरपीला रोज जा, तिथे प्रगती करा, पण दिसेल इतकी नको.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पाय मोडलेल्याला ती तशीही चढता येत नाही, लिफ्ट बंद असते. पण मुदत कुणासाठी थांबत नाही. इंग्लंडात साधारण तीन वर्षं, कॅलिफोर्नियात दोन, भारतात मोटार अपघाताच्या दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले सहा महिने. समोर सरकारी खातं असेल तर अनेक ठिकाणी त्याहूनही आखूड, नोटीस द्यायच्या मुदती. उलट, मोडलेलं हाड आता जुळत नाही असं ठामपणे म्हणायला डॉक्टर कमीत कमी नऊ महिने घेतात. म्हणजे हाडाचा निकाल लागण्याआधी दावा लावायचा आणि हाडाचा निकाल लागल्याशिवाय तडजोड करायची नाही. विमा कंपनीला हे वेळापत्रक आपल्याहून नीट कळतं, म्हणून तिचा पहिला चेक प्लास्टर ओलं असतानाच दाराशी येतो. ही सगळी दगदगच नको असेल तर न्यूझीलंडमध्ये पडा. तिथे १९७४ पासून चूक कुणाचीही असो, अपघाताचा खर्च सार्वजनिक योजना उचलते आणि इजेच्या भरपाईसाठी कुणावर खटला भरायची जवळजवळ सोयच नाही. तिथल्या वकिलांची मात्र दया येते.

आणि एके दिवशी रक्कम मंजूर होते. पेढ्यांचा विचार करू नका, आधी वजाबाकी करा. वकिलांची फी जाते, तज्ज्ञ डॉक्टरांची साक्षीची फी जाते, आरोग्य विम्याने आधी भरलेलं बिल काही देशांत तो विमा परत मागून घेतो, हातउसने दिलेले मेहुणे निकालाची तारीख पाठ करूनच बसलेले असतात. उरेल त्यासाठी ‘संपूर्ण व अंतिम’ असा मथळा असलेल्या कागदावर सही करायची, की यापुढे या हाडाबाबत माझी कसलीही मागणी राहिली नाही. वर्षा-दोन वर्षांनी थंडीत हाडावर बसवलेली प्लेट ठणकायला लागते, स्क्रू कातडीखाली बोटाला लागतो, आणि डॉक्टर म्हणतात, काढून टाकू, छोटंसंच ऑपरेशन आहे. त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे विचारायला वकिलांकडे गेलात की ते फाइल काढून तो अंतिम कागद पुढे सरकवतात आणि खालची सही तुमचीच ना, म्हणून विचारतात. त्यावेळी त्यांना नम्रपणे दाखवून द्या, की ती नोंदीतील नमुन्याशी जुळत नाही. या युक्तिवादाची फी ते वेगळी घेतील.